नव्याण्णव

एर्झुरुममध्ये मार्च उजाडला तरी पायरीवरचं बर्फ हटत नाही.
नर्सिंग कॉलेजच्या तळघरात, बॉयलरच्या भिंतीला पाठ लावून
मी चारशे बारा प्रश्नावल्या संगणकात भरते आहे.
अठ्ठावीस विधानं. एक ते पाच.
एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं,
बेरीज जितकी फुगेल तितका गैरसमज मोठा,
मेलिहा बाईंनी फळ्यावर लिहून दाखवलं होतं
आणि खडूचे हात झटकले होते,
जणू ताप मोजायचाय.

पहिल्या रात्रीचं रक्त.
पुरुष कधीही तयारच असतो.
बाईनं स्वतःहून हात पुढे केला, तर ती तसलीच.

वाटप केलं त्या दिवशी मागच्या बाकांवर खसखस पिकली.
कुणीतरी विचारलं, पेन्सिल चालेल का?
चालेल म्हटलं.
नाव लिहायचं नव्हतं,
तरी जो तो कागदाभोवती कोपर आडवं घालून बसलेला.

दोनशे सदतीसावी.
नवव्या विधानापाशी कागदच नाही.
पाच केलेलं दिसतं, खोडलेलं, मग दोन, मग पुन्हा पाच,
मग नुसतं रबर फिरत राहिलं असणार
आरपार होईपर्यंत.
त्या भोकातून खालच्या पानावरचे दोन शब्द दिसतात:
सांगू नये.

बाईंना फोन लावला.
उत्तर नाही ना? नव्याण्णव टाक, पुढे चल.
नव्याण्णव म्हणजे रिकामं,
बेरजेत धरत नाहीत.

लग्नाच्या आदल्या रात्री झुल्फिये काकूनं
दार लावून घेतलं होतं, चहा ओतला होता.
आमच्याकडे साखर चहात ढवळत नाहीत.
तो खडा दातांत धरूनच ती काहीतरी बोलली,
महत्त्वाचं असावं, डोळे भिंतीकडे होते.
मला अर्धंच ऐकू आलं.
पुन्हा विचारलं नाही.
आज अकरा वर्षं झाली, काकू गेली,
मी हा विषय शिकवते
आणि ते अर्धं वाक्य अजून कधीकधी
अंधारात कुशीवर वळताना आठवतं.

भोकाला बोट लावून पाहिलं.
कडा मऊ होत्या, कापसासारख्या.

नव्याण्णव.

दोनशे अडतिसावी:
वरपासून खालपर्यंत एकच सरळ रेघ, सगळे पाच,
पेनानं, पट्टी लावून.
ही मोजता आली.