ठिपके

साखरपुड्याच्या आदल्या दुपारी, सहकारनगरात, तिसऱ्या मजल्यावर
शाल्मलीनं हात पुढे केला
आणि माझा कोन हवेतच थांबला.

मेंदीच्या आधीच रंगलेला हात
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बघत होते.
बारीक लाल ठिपके, मनगटाशी दाट, तळव्यावर विरळ,
जणू कुणी शिकाऊ पोर
नक्षीआधी ठिपके मांडून
उठून गेली.

आई म्हणाल्या, घामोळं आहे हो.
चार दिवस कणकण, धावपळ झाली ना,
क्रोसिन दिली की उतरतो ताप.
कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातलीय.

घामोळं मी ओळखते.
गळ्यात येतं, पाठीवर येतं.
तळहातावर येत नाही.

"मोजे काढ."
तळपायांवरही तेच.

अंगठ्यानं एक ठिपका दाबला.
फिका झाला, सोडल्यावर परत आला.
शेजारचा दाबला.
तो हललाही नाही.

कोंढव्यात आमच्या बकऱ्या होत्या.
अब्बा गोचिडी उपटून रॉकेलच्या वाटीत टाकायचे.
मुनीर वाटी धरून बसायचा.
मुनीरला आठवडाभर सगळे गोवर म्हणत राहिले.
ते मी तिथे बोलले नाही. लग्नघर होतं.

"कुत्रं आहे?"
"डांबर! तळजाईवर सापडला, महिना झाला.
माझ्या उशाशीच झोपतो."

केस बाजूला केले.
कानामागे, मसुराएवढी काळी खपली,
भोवती लाल कडं.
"दुखलं नाही, खाजलं नाही," ती म्हणाली,
"मग सांगू काय?"

तळहातावरच्या फोडासारखी जपली हो हिला,
आई म्हणाल्या,
आणि स्वतःच्याच शब्दांना अडखळून
गप्प झाल्या.

डॉक्टर बेलसरे रिपोर्टसाठी थांबले नाहीत.
गोळ्या त्याच संध्याकाळी सुरू.
पाहुण्यांना फोन गेले, श्रीखंड शेजारी वाटलं.

आगाऊ घेतलेले पैसे आई परत घेईनात.
मग मी गॅलरीत बसून, चिमट्यानं,
अगदी कातडीलगत धरून, न पिळता, सरळ वर ओढत
डांबरच्या कानांतून अकरा गोचिडी काढल्या.
घरी येऊन सात वेळा हात धुतले.
अम्मी बघत होती, बोलली नाही.

महिन्यानं पुन्हा बोलावणं आलं.
तोच पाट, तीच खिडकी.
हात कोरा, जरा रोडावलेला.
शाल्मली म्हणाली,
नुसती वेल काढ, शकिलाताई.
ठिपके नकोत.