करण्यात आले

पागनीसांनी चारशे पानं आणून दिली
रावपुऱ्यातल्या फरसाणाच्या पिशवीतून.
"बाई, तीस वर्षं जर्मन शिकवलीत,
उन्हाळ्यात एवढं मराठीत करून टाका.
रणगाड्यांना गिऱ्हाईक आहे."

जनरल एबरहार्ट फॉन द्रॉस्टेन, आत्मवृत्त.
पहिल्या पानावर घोडी आहे, आई नाही.
दहाव्या वर्षी लष्करी शाळा, गार पाण्याची आंघोळ.
पहिल्या महायुद्धात मांडीत घुसलेला लोखंडाचा तुकडा;
हवा बदलली की तो दुखतो, हे अकरा वेळा.
मधल्या वर्षांत नकाशा-वाचनाचा मास्तर.
(इथे मला तो आवडला होता.
खडू, फळा, पेंगणारी पोरं.)
मग भराभर हुद्दे, गळ्यात पदक, पूर्वेकडे कूच.

हुद्दे मराठीत बसेनात.
शेवटी माळ्यावरून वडिलांचे कागद काढले.
हुजूर कचेरीत बारनिशी लिहायचे ते,
मुंग्या शिस्तीत चालल्यासारखं मोडी.

पान दोनशे बारा.
"सतरा तारखेला नदीपलीकडचे गाव
मोकळे करण्यात आले."
एवढंच.
पुढे घोड्यांच्या वैरणीची टंचाई, आठ ओळी.

मूळ शब्द तीन कोशांत पाहिला. मोकळेच.
केस मोकळे होतात. पंगत उठली की अंगण.
गाव कसं होतं?

संध्याकाळी विश्वामित्रीच्या पुलावर थांबले.
खाली चिखलात मगर पडलेली.
शेजारचा पोरगा बापाला सांगत होता, ओंडका आहे,
आणि बाप म्हणत होता, हो, ओंडकाच.

रात्री कर्ता घालून पाहिला.
त्याने गाव मोकळे केले.
सैनिकांनी गाव मोकळे केले.
'ने' आहे, 'नी' आहे, धरायला काहीतरी लागतं हाताला.
मी गाव मोकळे केले.
इथे काहीच लागत नाही.
आणि क्रियापद तर गावाशी जुळतं,
गाव नपुंसकलिंगी, म्हणून केले;
करणारा कोण, ते विचारतसुद्धा नाही.
तीस वर्षं मुलांना सांगत आले, जर्मन व्याकरण बिकट.
आपलं किती सोयीचं, ते लक्षातच आलं नव्हतं.

मग वडिलांच्या कागदांतही दिसलं:
रस्त्याकामी एकोणीस झोपड्या हलविण्यात आल्या.
तेच अक्षर, तीच शाई.
त्या साली त्यांना बढती मिळाली,
दांडिया बाजारच्या घरात शिलाईचं यंत्र आलं,
त्यावर माझे सगळे परकर शिवले गेले.
बघा, शिवले गेले.
आईने शिवले.

उरलेली प्रकरणं लवकर झाली.
पाच वर्षं कैद, मग दक्षिणेला लहानसं घर,
एकाच झाडावर तीन जातींची सफरचंदं.
कलम त्याला लागलं नाही कुठलं,
कलमं त्याने बागेत केली.
झोपेत गेला, असं मुलाने टिपेत लिहिलंय.

पान दोनशे बारा तसंच ठेवलं.
अनुवादक साक्षीदार नसतो,
हेही मीच शिकवलेलं.
पण शेवटच्या नकाशात, घडीच्या दुमडीत,
भिंगाखाली त्या गावाचं नाव सापडलं.
सूचीत घातलं:
गोळीबार,
ग्रुडोवीत्स,
घोडी (लिझेल), पाने १ ते ४.

पागनीस म्हणाले, सूची नको, फर्मा वाढतो.

दिवाळीच्या आधी व्हाउचर आलं.
अनुवादाचा मोबदला अदा करण्यात आला.
खाली रेव्हेन्यू तिकीट, त्यावर सही.
मी केली.