दोन एकेचाळीस

अक्कलकोट रोडच्या गोदामात भर दुपारी सर्व्हर बसला.
वॉचमन मल्लिनाथ म्हणाला, लाइट गेली असणार मॅडम,
सोलापुरात दुसरं काय जातं?
पण पंखा फिरत होता. मी लॉग उघडला.

डेटाबेस शेवटचा चालू दिसला: २ वाजून ४१ मिनिटे.
हरवलेल्या माणसाची जाहिरात असते तसं,
फक्त शर्टाचा रंग दिलेला नाही.

वडील मागावर जॉबर होते.
धागा तुटला की ओरडत नसत,
कापडावर बोट ठेवून उलटे सरकत
वीण पक्की लागेपर्यंत.
मीही तशीच ओळीओळीनं मागे गेले.

सिग्नल नऊ.
म्हणजे पडला नाही, मारला गेला.
मेमरी संपली, आणि कर्नलनं
सगळ्यात जास्त खाणारा हेरून उचलला.
त्याच्या ताटात एवढं वाढलं कुणी?
गुरुवारचा बदल. खाली माझंच नाव.

तोवर तो आपला आपण उठायला लागला होता.
चेकपॉइंटपासून एकेक नोंद पुन्हा:
सुताचे गठ्ठे, चादरी, वाहतुकीच्या पावत्या,
आणि शेवटी, नोंदीची लांबी चुकीची.
या ओळीनं नव्या पोराला घाम फुटतो.
अरे, वही इथं संपते, एवढंच म्हणतोय तो.

३ वाजून ६. जोडण्या घ्यायला तयार.

यल्लमाबाई गाजूल यांच्या चाळीस टॉवेलांचं बिल तेवढं
कमिट व्हायचं राहिलं होतं.
ते आलं नाही. येणारच नव्हतं.

काउंटरला फोन केला, शेवटचं बिल पुन्हा करा.
जाताना मल्लिनाथला सांगितलं,
लाइट नव्हती रे. मी होते.