पहिला मुक्काम

चेंदणीच्या बंदरातून निघालो तेव्हा साडेपाच,
भरती पोटभर जेवून थांबलेली,
आणि दामोदर सुकाणूवर, कानटोपीत,
पस्तीस वर्षांनी परत नाखवा झालेला.
होडीवर आईचं नाव, पिवळ्या रंगात: बामाबाय.
रंग अजून ओला होता, माझ्या शालीला लागला.

वेंगुर्ल्यापर्यंत जायचं होतं. आहे.
मी म्हटलं होतं, अष्टमीला कशाला,
भांगाचं पाणी, खाडी उथळ.
तो म्हणाला, अवसेच्या उधाणाला थांबलो
तर तुझे गुडघे आणखी आठ दिवसांनी म्हातारे.

कळव्याच्या पुलाखाली नारळ सोडला.
जरा वेळाने वळून पाहिलं तर नारळ मागोमाग येत होता.
ओहोटी त्यालाही होतीच.
विटाव्यापर्यंत सोबत केली त्याने,
मग तिवरांत शिरला,
जिथे चपला अडकल्या होत्या मुळांवर,
एकेकट्या, जोडी कुणाचीच नाही.

ऐरोलीच्या अलीकडे तो नाला आला.
मी लगेच ओळखला, पाहिला नव्हता कधी तरी.
एकतीस वर्षं त्याच्या बाटल्या माझ्या टेबलावर यायच्या,
तारीख, वेळ, नमुना क्रमांक.
कधी तांबडं, कधी दुधी,
एकदा निळं, शाळेतल्या दौतीसारखं.
मी आकडे लिहायची, साहेब सही करायचे.
आकडे कुठे जायचे ठाऊक नाही.
पाणी इथे यायचं.
बाबा तेव्हा इथेच जाळं लावायचे
आणि रात्री ताटावर विचारायचे,
पोरी, बोयटी का गो येत नाय?
मी म्हणायची, तपासतेय.

साडेदहाला पंख्यात पिशवी गुंतली.
ती सोडवेस्तोवर पाणी निघून गेलं
आणि बामाबाय चिखलात बसली,
दुपारी वाल सोलायला बसावं तशी, ऐसपैस.
शंभर हातांवर रोहित पक्षी चरत होते.
एकानेही मान वर केली नाही.
आम्ही भाकरी खाल्ली, सुक्या जवळ्याची चटणी.
चिखलाला वास होता, लहानपणचाच,
सगळ्या आकड्यांखालून शिल्लक राहिलेला.

सुनेचा फोन: कुठवर पोचलात, आई?
म्हटलं, वाशी दिसतेय.
ती इतकी हसली की नातवाला फोन द्यायचं विसरली.
अहो, रिक्षाने चाळीस मिनिटं.

भरतीवर सुटलो,
पण आता समोरून पाणी, समोरून वारा.
पुलाचा एक खांब तासभर तिथेच होता.
दुसरा जरा कमी वेळ.
सूर्य गेला तेव्हा पूल ओलांडून नांगर टाकला.
इंजिन बंद झालं, कानात मात्र
जेवण होईपर्यंत चालूच राहिलं.

अंधारात ओहोटी लागली
आणि होडी नांगराच्या दोरावर हळूच फिरली.
नाळ ठाण्याकडे.
मी म्हटलं, बघ रे, घराकडे तोंड केलंन.
ओहोटीन सगल्याच होड्या मागं बघतान,
दामोदर म्हणाला, आणि गोधडी डोक्यावर घेतली.

मध्यरात्री कूस बदलली गेली,
मी बदलली नव्हती.
पुलावरचे दिवे एकामागून एक डोक्यावरून सरकले,
पूर्वेला अर्धा चंद्र, तांबूस,
कुठल्याशा टॉवरच्या टाकीला टेकलेला.
दोर कुरकुरला, ताठ झाला.
नाळ समुद्राकडे.

हात काठाबाहेर काढला, बोट बुडवलं, चाटलं.
एकतीस वर्षांत हे केलं नव्हतं.
खारट.
पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थोडं भरून घेतलं,
झाकण घट्ट लावलं, उशाशी ठेवलं.
लेबल नाही लावलं.