जास, जासू

नंदुरबारात, मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावर
आमचा वर्ग. सहा ते सव्वासात.
फेब्रुवारीत खिडक्या लावूनच शिकवावं लागतं.
वारा मिरचीच्या पथारीकडून आला
की पहिल्या बाकापासून शिंका सुरू
आणि फळ्यावरचं वाक्य अर्ध्यात थांबतं.

आज भविष्यकाळ.
विल म्हणजे, मी सांगते, बोलता बोलता ठरलेलं.
दार वाजलं, थांब, मी उघडते: ते विल.
गोइंग टू म्हणजे आधीच ठरलेलं,
घरी सांगून, किंवा घरी न सांगता.
आणि तिसरा एक प्रकार,
दिसायला वर्तमानकाळ,
पण तारीख पडलेली, तिकीट काढलेलं.
लिहा. पाच वाक्यं. स्वतःबद्दल.

लोटन भामरे, वय छप्पन, मिरची तोलतात.
'आय विल रिटायर' लिहून खोडतात.
मॅडम, आमनामा कोनी रिटायर नही होस,
बसी जास.
मग लिहितात: आय विल सिट.
व्याकरणात बसतं. मी टिक करते.

रेहाना पिंजारी स्कूटी घेणार आहे, फिकट हिरवी.
गोइंग टू, गोइंग टू, पाचही ओळींत,
हेल्मेटचा रंगसुद्धा ठरलेला.

सुरपाल वसावे विचारतो,
काय करणार नाही, ते लिहिलं तर चालेल?
चालेल.
मुकादमाची उचल घेणार नाही.
ट्रॉलीत झोपून कारखान्यावर जाणार नाही.
अंगठा देणार नाही.
चौथं वाक्य खोडलंय, वाचता येत नाही.
पाचवं नाहीच.
त्याला दहापैकी दहा देते,
आणि खोडलेलं उजेडाकडे धरून पाहायचं टाळते.

मग लोटनभाऊंची शंका.
आमच्या अहिराणीत, मॅडम,
मी जास, म्हणजे रोजचं.
मी जासू, म्हणजे उद्याचं.
एक उकार. संपलं.
तुमनं इंग्रजीले इतला पसारा कसाले?
आणि स्वतःच हसतात:
पथारीवर घसा बसला ना, की तो उकारही ऐकू येत नाही.
माणूस रोजचा जातोय की उद्या जाणारे, कळत नाही.
बायको आपली डबा भरते.

वर्ग हसला. दीपमाला गिरासे हसली नाही.
तिची वही शेवटी आली.
एकच वाक्य: आय ॲम लीव्हिंग ऑन ट्यूजडे.
पानात घडी केलेलं सुरतचं तिकीट.
मी लाल पेनचं टोपण काढलं.
एकही चूक नव्हती.
कुणाला सांगितलंयस? मी हळूच विचारलं.
तुम्हालाच. वहीत.

मी टोपण लावलं. वही मिटून तिच्याकडे सरकवली.
मंगळवारला तीन दिवस होते
आणि माझ्याकडे तिच्या आईचा नंबर होता.

मॅडम, तुमची पाच?
लोटनभाऊंनीच विचारलं, सहज,
पारड्यात काय ठेवताय, असं विचारावं तसं.

माझी तर पाठ आहेत.
भरती निघेल.
यादी लागेल.
पत्र येईल.
अकरा वर्षं हीच वाक्यं, काळ बिनचूक,
आणि आज फळ्यासमोर उभं राहून दिसलं
की एकाही वाक्यात मी नाही.
कर्ता भरती. कर्ता यादी. कर्ता पत्र.
मी कुठे असेन, तर दारात. टपालवाल्याच्या वाटेवर.

खडू घेतला. आय लिहिला.
वाक्यात कुठेही आला तरी मोठाच लिहायचा,
हे मीच शिकवते दर जूनमध्ये.
उभी एक रेघ, काठीसारखी.
पुढे विल, की गोइंग टू, की
तिकीट काढलेला तो तिसरा प्रकार.

खाली कुणीतरी मिक्सर चालवून बघितला.
रेहाना शिंकली.
सव्वासात होऊन गेले होते, कुणी उठलं नाही.
लोटनभाऊ थांबले होते,
काटा स्थिर होईपर्यंत थांबतात तसे.