दहा मिलिसेकंद

इन्व्हर्टर भिंतीवर चढवण्याआधी
मी एकच विचारतो :
लाईट गेल्यावर या घरात काय काय चालू राहायला हवं?
आणि घर गप्प होतं.
मग नवरा म्हणतो टीव्ही, बायको म्हणते फ्रीज,
पोरगा राऊटरचं नाव इतक्या हळू घेतो
जणू उसने पैसे मागतोय.
इस्त्रीचं नाव कुणी काढत नाही.
ती मी गेल्यावर लावतात,
आणि रात्री अकराला फोन : तुमचं मशीन ओरडतंय.

बारा वर्षं खाणीत, जमिनीखाली वायरिंग केलं.
आता किट्वेच्या छपरांवर असतो.
करिबाचं पाणी तळाला गेलं
आणि माझे दिवस वर आले, हे बोलू नये,
पण खरं आहे.

मागच्या महिन्यात एका घरात
बॅटरी आणि इन्व्हर्टर एकमेकांना ओळखच देईनात.
दोघं एकाच देशातून, एकाच जहाजातून आलेले.
केबल बरोबर, पिना उलट्या.
चिलेक्वाने दोन तारा कापून अदलाबदल केली,
हिरवा दिवा लागला.
म्हणाला, लग्नात दोन्हीकडचे निरोप नेतो ना शिबुकोम्बे,
तो मी.
दुसऱ्या घरी झाकण उघडलं तर पाल.
पुढचा पाय एका पट्टीवर, मागचा दुसऱ्या.
चुकचुकायलाही वेळ मिळाला नसेल.

पण सांगायचं होतं ते बाना कसुबांचं.
कसुबा म्हणजे आमच्या भाषेत सूर्य.
सूर्याच्या आईकडून काय घ्यायचं, म्हणून
दोनशे क्वाचा सोडले होते.
आठ पॅनेल, त्यातलं दीड अ‍ॅव्होकाडोच्या सावलीत;
झाड तोडू देईनात.
तिसऱ्या आठवड्यात तक्रार : मशीन बरोबर नाही.
गेलो. आकडे बघितले, बॅटरी ब्याण्णव टक्के.
काय बिघडलंय?
"लाईट कधी जाते तेच कळत नाही."

मी छाती पुढे काढून सांगितलं, दहा मिलिसेकंद!
पापणी लवायला याच्या दहापट वेळ लागतो, बाना.

"तेच तर," त्या म्हणाल्या.
"आधी लाईट गेली की अख्खी गल्ली एका आवाजात 'आ' करायची.
दारं उघडायची, शेगड्या बाहेर यायच्या,
समोरची चोला अर्धी मेणबत्ती मागायला यायची
आणि तासभर सुनेबद्दल बोलायची.
आता मी उजेडात बसते, पडदे लावून.
संध्याकाळी अकरा मोबाईल येतात चार्जिंगला,
चिकटपट्टीवर नावं लिहिलेली.
सकाळी घेऊन जातात. बसत कुणी नाही.
पोरं 'आली!' म्हणून ओरडतात
तेव्हा मला कळतं की गेली होती."

मग माझ्याकडे न बघता :
"एक बल्ब तसाच ठेव. मशीनच्या मागे नको.
जाणारा."

चिलेक्वा हसला. मला हसू आलं नाही.
मीटरपासूनच एक लाईन फोडली,
मागच्या ओट्यावर नऊ वॅटचा बल्ब.
आमच्या कागदावर दोनच रकाने असतात,
आवश्यक आणि अनावश्यक.
अनावश्यकमध्ये लिहिलं : बल्ब, एक.
त्यांनी सही केली, चष्मा न लावता.

माझ्या घरी सगळेच बल्ब जाणारे आहेत.
बायको म्हणते, लोकांच्या भिंती उजळत फिरतोस.
मी म्हणतो, पुढच्या वर्षी.
तीही म्हणते, पुढच्या वर्षी. चाल लावून.

शिडी गाडीवर बांधत होतो तेव्हा सहा वाजले
आणि ओट्यावरचा बल्ब गेला.
आत फ्रीज घरघरत होता,
टीव्हीवर कुणीतरी बातम्या देतच होतं.
बाना कसुबा स्टूल उचलून
आमच्या अंगावरून गल्लीत निघाल्या, झपाझप.

"तुमच्याकडेही गेली?" चोलाने अंधारातून विचारलं.
"गेली की," त्या म्हणाल्या,
आणि स्टूल टेकलं.