अकरा सेकंद

लॅमिंग्टन रोडवरून आणलेली रॅम
शार्दुलने खिशातून काढली, वेफरच्या बिस्किटाएवढी.
डबा उघडला तर आत
खालच्या गिरणीचं पीठ,
एक वाळकं झुरळ
आणि माझ्या कुडीची फिरकी,
जिच्यासाठी मी बाईला बोलले होते.

ब्रशने झाडलं. पंखा पुसला.
न बोलावता जागे होणारे
सतरा प्रोग्राम झोपवले.
"आता लावा, मावशी."

अकरा सेकंद.

पूर्वी बटण दाबून मी आधण ठेवायचे,
हे चष्मा शोधायचे,
भांडुपची नणंद, टाकीचं पाणी, गुडघा,
सगळं त्या फिरत्या गोलाभोवती
बोलून व्हायचं.

आता पडदा लख्ख.
चहाला उकळी नाही.
दोघं खुर्च्यांवर, गप्प.

हे म्हणाले,
"बंद करून परत लाव बघू."